तिसरी तपासणी

"दोनदा तपासून झालं, आता तिसऱ्यांदा काय आकड्यांना शिंगं फुटणार आहेत?" बाई पुटपुटल्या आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यांनी पुन्हा पुढ्यात ओढला.

सर आणि मॅडम यांचं मिळून संशोधन होतं: देव मानणारे जास्त हुशार, की न मानणारे? स्वतः न मानणाऱ्या सरांना उत्तर आधीच ठाऊक होतं. रोज हात जोडून कामाला बसणाऱ्या मॅडमनाही ठाऊक होतं, फक्त उलटं. परीक्षेतले गुण मात्र दोन्ही गटांचे सारखेच निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, की गुणांची बेरीज करणाऱ्या बाईच चुकल्या.

"चूक निघाली तर उद्यापासून दुसरं कोणी बघू," सर म्हणाले होते.

संध्याकाळी बाईंनी कागद टेबलावर ठेवला. "तेच आलंय."

"मग चौथ्यांदा करा," सर म्हणाले. मॅडमनी मान डोलावली.

सतरा वर्षांत पहिल्यांदाच बाई त्यांच्यासमोर न विचारता खुर्ची ओढून बसल्या.

"करते की. पण तुमच्या मनासारखं आलं असतं, तर दुसऱ्यांदा तरी करायला सांगितलं असतं का?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी सरांकडे.

"नसतं सांगितलं, बाई," सर शेवटी म्हणाले. "दोघांनीही."