मंजुषाचं बटण

सातपूरच्या कारखान्यात नव्यानेच लागलेल्या मंजुषाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा मॅक्रोंचा, म्हणजे एक बटण दाबलं की ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा, सगळा पसारा आवरला. ऑफिसातल्या जुन्या वाघकाकांनी ज्याच्यासाठी मॅक्रो बनवला, त्याचंच नाव बटणाला दिलं होतं. सहादूचं, सुलाबाईंचं, गेटवरच्या चिमाजीचं. तिने ती नावं काढून 'हजेरी', 'ओव्हरटाइम', 'गेटपास' अशी शहाणी नावं दिली.

सकाळी सहादू स्क्रीनपुढे उभा. "ताई, माझं बटण काढलं? काय चुकलं माझं?"

सुलाबाई तर तिच्याकडे पाठ करून निघून गेल्या.

मंजुषा रडकुंडीला आली. काका तिच्या खुर्चीत बसले आणि थोडा वेळ टकटक करून उठले. स्क्रीनवर एक नवं बटण होतं, 'मंजुषाचं'.

तिने ते दाबलं. एकेक करत सगळ्यांची नावं परत आली, आणि रांगेच्या शेवटी तिचंही राहिलं.