वायूनं केलेलं काम

म्हातारा चौथ्या दिवशीही ऑफिस उघडायच्या आधीच बाकावर येऊन बसला होता. अपघाताची चौकशी करणाऱ्या बाईंनी त्याला आत बोलावलं.

कारखान्यात तिथंच बनवलेली दाबाच्या हवेची टाकी फुटून त्याचा एकुलता एक मुलगा गेला, त्याला तीन आठवडे झाले होते. टाकी सांभाळणं हेच मुलाचं काम. कारखान्याचं म्हणणं सरळ होतं: पोरानं लक्ष दिलं नाही, दाब चौदा बारवर गेला. मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडणं सोपं; तो थोडाच उठून बोलणार?

म्हाताऱ्याचं एकच पालुपद होतं. पोरगं तसं नव्हतं. आपला सगळा जन्म त्याच कारखान्यात गेला, पोराला तिथं आपणच चिकटवलं, हे तो रोज सांगे. सून माहेरी निघून गेली होती, आणि जाताना नवऱ्याबद्दल नको नको ते ऐकून गेली होती.

बाईंनी कागद त्याच्याकडे वळवला. टाकीला जाड आवरण होतं, त्यात सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडलं. उष्णतेला आत यायला वेळ मिळाला नाही, की बाहेर जायला. म्हणजे झाकण उडवायला, भिंत पाडायला जे लागलं, ते हवेनं पदरचंच खर्च केलं.

"जेवढं काम केलं, तेवढीच तिची आतली ऊर्जा घटली," त्या म्हणाल्या. "पडझडीवरून मोजलं, साधारण दीड हजार किलोज्यूल. दाब चौदा असता तर याच्या अडीचपट भरली असती. दाब सात होता, काका. टाकी दहापर्यंत सोसणारी. तुमच्या मुलाची चूक नव्हती."

म्हाताऱ्यानं रुमाल तोंडावर धरला. बराच वेळ त्याचे खांदे हलत राहिले. बाईंनी पाणी पुढे केलं. गणितानं कुणाला रडवलेलं त्यांनी शाळेबाहेर कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यानं विचारलं, मग टाकी फुटली कशी?

"जोड कच्चा होता." त्यांनी फाटलेल्या कडेचा फोटो पुढे सरकवला. "वरून देखणा, आत भरलेलाच नाही. वेल्डरनं घाई केली. शेजारी त्याच्या नंबरचा शिक्का आहे, काजळीखाली. उद्या घासून वाचतील. ज्यानं हे केलं, त्याला मी सोडणार नाही."

म्हाताऱ्यानं फोटो खिडकीशी नेला. जोडावरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग परत येऊन तो टेबलावर नीट ठेवला.

"घासायला नको, बाई," तो म्हणाला. "सतरा नंबर आहे. हात माझाच आहे."