पट्ट्यातली ओल
एकोणीसशे त्रेसष्टचा ऑक्टोबर. अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत अणूंच्या कणांना वेग देणारं यंत्र होतं आणि त्याची ऑपरेटर होते मी. फिरता सुती पट्टा वरच्या धातूच्या गोळ्यात वीज साठवायचा आणि ती वीज कणांना नळीतून पळवायची. तीन लाख व्होल्ट हवे होते. सुई आठवडाभर एका लाखावरच अडून बसली होती. चार वाजता दिल्लीची समिती येणार होती. यंत्र चाललं नाही, तर ते मोडीत निघणार होतं. मी पट्ट्याला गाल लावला. अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात माझी माय अशीच कापूस गालाला लावून ओल ओळखायची. “सर, पट्टा दमट आहे, म्हणून वीज गळतेय. उन्हात टाकते.” पुण्याहून आलेले आमचे प्रमुख सर हसले. “इंगळेबाई, भिंतीवरचं आर्द्रतेचं मीटर बघा. हवा कोरडी आहे.” माझं डोकं फिरलं. “मीटर हवेले पाह्यते, सर! पट्टा पावसाळाभर ओल पिऊन बसला हाये, मी सांगून राहिली ना!” मी पट्टा उतरवला, दोन तास टिनाच्या छपरावर तापवला आणि समितीची मोटार फाटकात शिरली तेव्हा परत चढवला. खटका दाबला. सुई एक लाख ओलांडून दोनवर गेली, मग तीनवर, आणि नळीच्या टोकाशी कण आदळून हिरवा ठिपका लखकन उजळला. समितीने सरांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सर माझ्या आधीच हजर होते. चष्मा काढून त्यांनी पट्ट्याला गाल लावला होता. “बाई,” त्यांनी विचारलं, “हा कोरडा म्हणायचा का?”