फ्लेक्सवरचा पत्ता

नेऱ्याच्या देवळापुढं टेम्पो लागला होता. साड्या, गोधड्या, तांदळाची पोती भराभर चढत होती. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांच्या निवाऱ्यासाठी हे सगळं साधनानं पंधरा दिवस दारोदार फिरून जमवलं होतं. तिनं मान वर केली आणि टेम्पोवर बांधलेला फ्लेक्स पाहून ती जागीच थांबली.

माजी सरपंच हैबतरावांचा हात जोडलेला फोटो, दहाबारा कार्यकर्त्यांचे फोटो आणि खाली ठळक लाल अक्षरांत निवाऱ्याचा पत्ता. गल्लीसकट.

टेम्पो न्यायचा कुठं म्हणून तिनंच काल तो चिठ्ठीवर लिहून दिला होता. कुणाला सांगू नका, असं दोनदा बजावलंही होतं. हैबतराव शब्दाचे पक्के. सांगितला कुणालाच नाही, नुसता छापला.

"पत्ता कशाला टाकलात?"

"स्थळाबिगर फ्लेक्स असतो व्हय, ताई?" हैबतराव म्हणाले. "सकाळपास्नं समद्या ग्रुपवर गेलाय."

मोडक्या हाताच्या उज्वलाला, आपल्या भाचीला, साधनानंच महिन्यापूर्वी गुपचूप तिथं नेऊन सोडलं होतं. गावात कुणाला पत्ता नव्हता.

तिनं देवळामागं जाऊन निवाऱ्यात फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, "बावीस बायका आहेत, ताई, आणि त्यांची पोरं. आत्ता कुठं हलवू?"

तेवढ्यात माईकवर हैबतराव सुरू झाले. "आपल्या किशोरनं ग्रुपवर वाचलं आन तांदळाचा कट्टा घिऊन आला. माल उतरवाया टेम्पोसंगं बी त्योच निघालाय. साधनाताईंच्या हस्ते त्याचा सत्कार."

किशोर म्हणजे उज्वलाचा नवरा. टाळ्या पडल्या. त्याला नेऊ नका म्हणावं, तर उज्वला तिथंच आहे हे आपल्याच तोंडानं सांगितल्यासारखं होतं. न म्हणावं, तर तो निघालाच होता. कुणीतरी तिच्या हातात शाल-नारळ दिला आणि हलकेच पुढं ढकललं.

तिनं त्याच्या खांद्यावर शाल घातली. नारळ घेऊन किशोर रीतसर वाकला, तिच्या पाया पडला.

"मावशी," उठता उठता तो हळूच म्हणाला, "उज्वलाला काय निरोप हाय का?"