भावी कलेक्टर

“शिडी जरा डावीकडं घे गं,” हनुमंत वरून ओरडला. तेजश्रीने शिडी सरकवली. निमोण्याच्या चौकात तिच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढत होता आणि तो बांधणाऱ्या बापाची शिडी धरायची पाळी तिच्यावरच आली होती. तिच्या फोटोखाली हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘भावी कलेक्टर’.

गावात भावी माणसांना तोटा नाही. भावी सरपंच पैशाला पासरी आणि भावी आमदार गल्लीला एक. त्यांना कुणी जाब विचारत नाही. तेजश्रीला मात्र तो शब्द दर वाढदिवसाला टोचायचा. पोरगी पुण्यात खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करते, असं हनुमंत भेटेल त्याला सांगायचा. ती अभ्यास करत होतीच, पण रेल्वेचा. दौंडला डिप्लोमा करताना तिने स्टेशनात एका बाईला मालगाडीच्या इंजिनातून उतरताना पाहिलं होतं. तेव्हापासून ती त्याच एका गोष्टीच्या मागे होती. एकदा नापास झाली, रडली, पुन्हा बसली. आता निवड झाली होती. सोमवारी ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

दोरीची शेवटची गाठ बसत होती. आता तरी बोलायलाच हवं होतं.

“आप्पा, मी कलेक्टर नाही होणार. रेल्वेत लागलेय. इंजिन चालवायला.”

हनुमंतचा हात थांबला. तो सावकाश खाली उतरला. टपरीवरची माणसं चहा प्यायची थांबून इकडेच बघत होती.

“ह्ये कवापासनं चाललंय?”

“डिप्लोमाला होते तेव्हापासून.”

“मंग आजवर बोलली का न्हाईस?”

“तुमचं स्वप्न मोडलं असतं, आप्पा.” तिला रडू आवरेना.

“माझं?” हनुमंत तिच्याकडे बघतच राहिला. “अगं, धावी पास झालीस तवाच्या सत्काराला माईकवर तूच म्हणालीस की, कलेक्टर व्हनार म्हणून!”

“माईक हातात दिला की सगळीच पोरं तसं म्हणतात.”

हनुमंत शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसला.

“मला तर कलेक्टर कशाशी खात्यात ते बी ठावं न्हाई,” तो म्हणाला. “तुझं सपान मोडू नये म्हणून म्या दरसाल ह्ये टांगत ऱ्हायलो.”