डावी गाठ

एकशे बारानंतर एकदम एकशे पंधरा.

तिने बोट ओलं करून पान परत उलटलं. मधलं पान नव्हतंच. ते फाटलं नव्हतं, वाळवीनेही खाल्लं नव्हतं. शिवणीलगत धारदार पात्याने कापलं होतं, आणि तेही इतक्या सफाईने की बाहेरच्या माणसाला सात जन्मांत पत्ता लागला नसता. पण ती बाहेरची नव्हती. ती बाइंडर होती, बाइंडरची लेक होती, आणि जन्मनोंदीचं हे रजिस्टर बघायला मिळावं म्हणून तिने तीन वर्षं कचेरीचे उंबरठे झिजवले होते. "बांधणी खिळखिळी झालीय, हात लावू देता येणार नाही," हे एकच पालुपद. शेवटी साहेब बदलले, आणि नव्या साहेबांनी जुन्या रजिस्टरांचा अख्खा गठ्ठा दुरुस्तीला धाडला, तो नेमका तिच्याच दुकानात.

आणि आजूबाजूच्या तारखा पाहता गेलेलं पान नेमकं आजीच्या जन्माचं.

आजीला बापाचं नाव नव्हतं. ज्या ज्या कागदावर ते लिहायची वेळ आली, तिथे तिथे एक आडवी रेघ. "नाव तेवढं कळू दे गं," आजी म्हणायची. "नुसतं 'मेल्या, मेल्या' म्हणून किती वर्षं शिव्या देऊ? नाव घेऊन दिलेली शिवी कशी बरोबर पोचते." हे ती हसत म्हणायची. चार महिन्यांपूर्वी दवाखान्यात नातीचा हात धरून म्हणाली, तेव्हा मात्र हसत नव्हती. नातीने शब्द दिला. दुसऱ्या दिवशी आजी गेली.

जुनी शिवण उसवायला तिने दाभण घातलं आणि हात जागच्या जागी थांबला. दोऱ्याची गाठ डावीकडे वळलेली होती. क्षणभर वाटलं, ही तर आपलीच. बाबा डावखुरे, त्यांचं बघून शिकली म्हणून ती उजव्या हाताची असूनही गाठ डावीच मारायची, आणि बाकीचे बाइंडर तिला त्यावरून चिडवायचे. अशी गाठ मारणारी गावात दोनच माणसं. आणि हा दोरा तर जुनापुराणा, काळा पडलेला. तो ओवला गेला तेव्हा ती फार तर दुडूदुडू धावत असेल.

बाबा खिडकीशी बसून खळ ढवळत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तेवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं.

"बाबा, हे रजिस्टर तुम्ही बांधलंय."

खळीतली काडी थांबली.

"तीन वर्षं माझ्याबरोबर कचेरीत येत होतात. बाकावर बसून राहायचात. 'मिळेल गं, धीर धर,' असं मला म्हणायचात!"

"मग काय म्हणणार होतो?"

"पान कुठंय?"

"शेगडीत घातलं. त्याच दिवशी." बाबा खळीकडेच बघत होते. "बापाच्या रकान्यात नाव होतं. सुईणीनं लिहवून घेतलेलं. थोरल्या मास्तरांचं."

थोरले मास्तर म्हणजे या दुकानाचे मूळ मालक. बाबांना हाताला धरून त्यांनी ही विद्या शिकवली, आणि जाताना दुकानही त्यांच्याच हवाली केलं.

"त्यांनीच ते रजिस्टर बांधणीला मागवून घेतलं आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, एवढं पान काढ. एवढा मोठा माणूस, माझे पाय धरायला लागला."

"आणि तुम्ही काढलंत. ती तुमची आई होती, बाबा."

"हो गं. पण त्या दिवशी ते मला नातवा म्हणाले." बाबा परत खळ ढवळायला लागले. "तेवढं एकदाच."

परक्या माणसाने फसवलं असतं, तर आजीने त्याला खुशाल शिव्या घातल्या असत्या. हा तर पोटचा पोर. तिची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे गेली. शेवटची दहा वर्षं आजी तिथे बसून बांधून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दुकानाचा शिक्का मारायची. शिक्क्यावर थोरल्या मास्तरांचं नाव; ते गेल्यावरही बाबांनी ते बदललं नव्हतं. आजीला अक्षरओळख नव्हती. शिक्का सुलटा की उलटा हे ती दांड्यावरच्या खाचेवरून ओळखायची, आणि तरी खात्री म्हणून दरवेळी पुस्तक लेकापुढे धरायची. "बघ रे, नीट उमटलं का नाव?"

"उमटलं, आई," बाबा म्हणायचे. दिवसातून वीसदा, मान वर न करता.

गेलेल्या पानाच्या जागी कोरं पान घालायचं, ही या कामाची रीतच आहे. तिने मापाचा कागद कापला, एकशे बारा आणि एकशे पंधराच्या मध्ये बसवला, शिवला. गाठ आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडे मारली. ओबडधोबड आली. तिने ती तशीच ठेवली.

मग आजीच्या स्टुलाशेजारचा शिक्का उचलला. चार महिन्यांत शाईची गादी वाळून कडक झाली होती. तिच्यावर शाई ओतली. दांड्यावरची खाच अंगठ्याने चाचपली आणि कोऱ्या पानाच्या मधोमध शिक्का दाबला.

रजिस्टर तसंच उघडं घेऊन ती खिडकीशी गेली आणि बाबांच्या डोळ्यांपुढे धरलं.

"बघा," ती म्हणाली, "नीट उमटलं का नाव?"