पुढच्या सीटवरचे काका

“बसू दे ना त्यांना. हॅमिल्टनलाच तर जायचंय,” इरावती म्हणाली. हिने आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं मकरंदचं स्पष्ट मत पडलं.

ऑकलंडहून हॅमिल्टनला जाताना वाटेत मर्सरच्या पेट्रोल पंपावर तिघं कॉफीसाठी थांबली होती. सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि साडेअकराला हॅमिल्टनमध्ये इरावतीची ड्रायव्हिंग टेस्ट होती. ऑकलंडमध्ये ती दोनदा नापास झाली होती, आणि तिथे तिसरी तारीख महिनाभर मिळत नव्हती. भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवायची मुदत रविवारी संपत होती. सोमवारपासून नवी नोकरी होती. हॅमिल्टनच्या आसपास, वायकाटो भागातल्या गोठ्यागोठ्यांत जाऊन दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायची. लायसन्स नाही तर नोकरी नाही, असं पत्रातच लिहिलं होतं. म्हणून मकरंद आणि सिद्धी या तिच्या दोन मित्रांनी सुट्टी टाकली होती. एकाने रस्ता सांगायचा, दुसरीने धीर द्यायचा.

आणि आता हे काका. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत फाइल. या तिघांचं मराठी ऐकून ते स्वतःच पुढे आले होते.

“मी तुकाराम शेलार. इथपर्यंत गाडी होती हो. गेली निघून. फोनही तिच्यातच राहिला. तुम्ही हॅमिल्टनला कुठे?”

“हिची ड्रायव्हिंग टेस्ट आहे,” सिद्धी म्हणाली.

काकांचा चेहरा उजळला. “मग मलाही तिथेच सोडा. बारापर्यंत पोहोचलो नाही तर माझी पंचाईत आहे.”

“तुम्ही तिथे...?” मकरंदने चाचपडत विचारलं.

“माझं नेहमीचंच आहे ते. सगळा स्टाफ ओळखतो.”

सिद्धीने मकरंदचा दंड असा दाबला की त्याची निम्मी कॉफी शर्टावर सांडली. “स्वीट अ‍ॅज, एकदम मस्त, काका! बसा ना,” ती म्हणाली.

“गुडघ्यांमुळे मला पुढे बसावं लागेल.” मकरंद निमूट मागे गेला.

इरावतीने गाडी सुरू केली.

“आरसा?” काकांनी विचारलं. तिने आरशात पाहिलं. “आणि खांद्यावरून मागे?” तिने मान वळवली. काकांनी फाइल उघडली, पेन काढलं आणि काहीतरी लिहिलं.

मागच्या सीटवर दोघांचे फोन कामाला लागले. ‘हेच घेणार टेस्ट,’ सिद्धीने टाइप केलं. ‘मग यांना रस्त्यात कोणी सोडलं?’ मकरंदने विचारलं. ‘कुणाला तरी फेल केलं असेल,’ तिचं उत्तर आलं.

सवयीने सिद्धीने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. काकांची मान लगेच मागे वळली. ती डबा पुढे करणार तोच मकरंदने झाकण दाबलं. “लाच वाटेल,” तो कुजबुजला. परदेशात येताना माणूस कपडे मोजून आणतो, साहेबाची भीती मात्र सगळीच्या सगळी घेऊन येतो. पुऱ्या तशाच राहिल्या आणि काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

पण गाडी एक्स्प्रेसवे सोडून गावात शिरली तशी त्यांना कंठ फुटला.

“स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. मनात तीन आकडे मोज. दोनच मोजलेस तर नापास.”

“हो काका.”

“पाटीवर पन्नास म्हणजे पन्नास. पंचावन्न झाले की खेळ खलास. आणि राउंडअबाउटमधून बाहेर पडताना डावा सिग्नल. त्याने भल्याभल्यांना घरी पाठवलंय.”

“इतकं बारीकसारीक कसं लक्षात राहतं तुमच्या?”

“अनुभव,” काका म्हणाले आणि त्यांनी एक मोठा सुस्कारा टाकला. “एकही चूक बघायची राहिलेली नाही माझी.”

इरावतीला एकदम हलकं वाटलं. परीक्षा तर मर्सरलाच सुरू झाली होती आणि परीक्षक शेजारी बसून उत्तरं सांगत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला गाडी चालवायला मजा येत होती. तिने तीन आकडे मोजले, मान वळवली, डावा सिग्नल दिला. काका भराभर लिहीत होते.

सेंटरवर पोहोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. काउंटरवरची मुलगी काकांना पाहताच हसली आणि माओरीत नमस्कार करत म्हणाली, “किआ ओरा, तुकाराम!”

“बघितलंस?” सिद्धी मकरंदला म्हणाली.

पण टेस्टसाठी नाव पुकारलं ते एका उंच गोऱ्या बाईंनी. इरावतीने गोंधळून मागे पाहिलं. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तिला अंगठा दाखवत होते.

“ओळखीच्या माणसाची टेस्ट घेत नसतील,” मकरंदने निकाल दिला. “नियम म्हणजे नियम. प्रामाणिक माणूस आहे.”

इरावतीला भीती वाटायला फुरसतच मिळाली नाही. रस्ताभर काकांचाच आवाज कानात होता. तासाभराच्या आत ती परत आली ती हातातला कागद नाचवतच. पास! सिद्धीने किंकाळी फोडली. मकरंदला एकाएकी चष्मा पुसायची गरज वाटली. सोमवारची नोकरी पक्की झाली होती.

इरावती धावत कोपऱ्यात गेली आणि काकांच्या पायाशी वाकली. “तुमच्यामुळे झालं, काका. तुमचे उपकार कसे फेडू, सांगा.”

“ऊठ, ऊठ. फेडायचेच असतील तर आत्ताच फेड, पोरी,” काका घड्याळ बघत म्हणाले. “तासभर तुझी गाडी दे. साडेबाराला माझी टेस्ट आहे, सातवी. आणि मर्सरपर्यंत माझं ड्रायव्हिंग कसंबसं सोसून आमची बायको मला तिथे उतरवून गाडी घेऊन घरी गेली.”